यीस्ट मेलं नाही, म्हणजे प्रयोग फसला का?

पत्राचा गोषवारा: इंदूरहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी अकरावीत आहे, विषय जीवशास्त्र. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून तिने अंतराळवीर व्हायचं मनावर घेतलं आहे. जानेवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि ‘अंतराळातले किरण पेशींचा नाश कसा करतात’ हे तिला प्रयोगाने दाखवायचं आहे. शाळेतल्या बाई म्हणतात, थर्माकोलचं मॉडेल कर, अंतराळवीराला शिशाचा पत्रा गुंडाळ आणि शेजारी आवळा-डाळिंबाचा तक्ता लाव. मुलीला हे पोरकट वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत तिने यीस्टच्या प्लेटा दोन तास गच्चीवर उन्हात ठेवल्या, पण काहीच मेलं नाही. आता तिला ऑनलाइन मिळणारा निर्जंतुकीकरणाचा यूव्ही-सी (सगळ्यात तीव्र अतिनील किरणांचा) दिवा हवा आहे. धाकटे दीर म्हणतात, जुना स्मोक डिटेक्टर फोडला की आत किरणोत्सर्गी धातू मिळतो, तो वापरू. आणि याच मुलीने दाढेचा एक्स-रे काढायला मात्र साफ नकार दिला आहे. आई विचारतात: दिवा घरात येऊ द्यावा का? शिवाय, ‘पेशींची कशी वाट लागते हे तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर अंतराळाचं खूळ उतरेल असं मला मनातून वाटतं. माझं चुकतंय का?’

ताई,

दिवा घरात नको आणि स्मोक डिटेक्टर तर मुळीच नको. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. डिटेक्टरमध्ये अमेरिशियम असतं. त्यातून निघणारे अल्फा कण कागदाने किंवा त्वचेच्या वरच्या थरानेही अडतात, म्हणून बंद डबीत ते निरुपद्रवी असतं. डबी फोडली, धूळ नखात गेली आणि नखातून पोटात गेली, की तेच कण आतून पेशींना खेटून बसतात. भावजींना प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. यूव्ही-सी दिव्याचा त्रास वेगळा आहे. तो जळत असताना काहीच जाणवत नाही. चार-सहा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि उजेड सहन होत नाही. ओझोन सोडणारे दिवे बंद खोलीत घशालाही त्रास देतात. कुलूपबंद पेटीशिवाय आणि चष्म्याशिवाय हा दिवा सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती देण्यासारखा नाही.

पण प्रयोग सोडू नका. आणि ‘पेशींची वाट लागलेली पाहिली की खूळ उतरेल’ हा हिशेब तर मुळातच तपासून घ्यायला हवा. नीट केलेल्या प्रयोगात तुमच्या मुलीला जे दिसेल, ते बहुधा तुमच्या अपेक्षेच्या उलट असेल.

तुमच्या पत्रात ऊन, यूव्ही दिवा, डिटेक्टर, दाढेचा एक्स-रे आणि अंतराळ या सगळ्यांसाठी ‘किरण’ हा एकच शब्द आहे. पेशीच्या दृष्टीने मात्र ही निरनिराळी संकटं आहेत. अतिनील किरण डीएनएचा धागा तोडत नाहीत. ते धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरं, बहुतेक वेळा दोन थायमिन, एकमेकांना चिकटवून टाकतात. एक्स-रे आणि गॅमा किरण अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. कधी ते थेट डीएनएतूनच उडतात, पण बहुतेक वेळा भोवतीच्या पाण्यातून. पाणी फुटून हायड्रॉक्सिल नावाचा तुकडा तयार होतो. तो नॅनोसेकंदाच्या हिशेबात जगतो आणि तेवढ्यात जे सापडेल त्याचा लचका तोडतो.

अंतराळातले वैश्विक किरण हे तर किरणच नव्हेत. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून वर जाऊन त्यांचा माग काढला, तेव्हा ते किरणच वाटले आणि पुढे तेच नाव चिकटलं. खरं तर ते प्रचंड वेगाने धावणारे अणुगर्भ आहेत. त्यांत सुमारे ८५ टक्के प्रोटॉन, १२ टक्के हेलियम आणि जेमतेम एक टक्का लोखंडासारखे जड अणुगर्भ असतात. हा एक टक्काच सगळ्यात त्रासदायक.

माळव्यातलं गव्हाचं शेत डोळ्यांसमोर आणा. एक्स-रे म्हणजे गारपीट: एक ओंबी इथे मोडली, दुसरी चार हातांवर, मध्ये पीक उभंच. लोखंडाचा अणुगर्भ म्हणजे नांगराचा फाळ: एकच रेघ, पण त्या रेघेवर काही शिल्लक नाही. एकूण मोडलेल्या काड्या दोन्हीकडे सारख्या भरल्या, तरी शेतकऱ्याला विचारा कोणतं नुकसान भरून निघतं.

आता आकडे. एक ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप) एवढा एक्स-रेचा डोस (दाढेच्या एक्स-रेच्या हजारो पट) दिला, तर प्रत्येक पेशीत डीएनएच्या दोन दोऱ्यांपैकी एकच तुटल्याच्या सुमारे १००० जागा होतात आणि दोन्ही दोऱ्या तुटल्याच्या ३५ ते ४०. ऐकायला भयंकर वाटतं. पण कुठलाही किरण न लागता, नुसत्या श्वासोच्छ्वासाच्या रसायनातून आपल्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत रोज काही हजारांनी बिघाड होतच असतात आणि रोज दुरुस्तही होतात. म्हणजे पेशीला नुकसानीची सवय आहे. सवय नाही ती एका जागी गोळा झालेल्या नुकसानीची.

एकच दोरी तुटली, तर समोरची दोरी नमुना म्हणून शाबूत असते. बिघडलेला तुकडा कापायचा, समोर पाहून भरायचा आणि टाका घालायचा. हे काम बहुतेक वेळा तासाभरात उरकतं. दोन्ही दोऱ्या एकमेकींच्या जवळच तुटल्या, की दोन वाटा उरतात. माहेश्वरी साडीचा काठ आरपार फाटला असं समजा. पहिली वाट: फाटक्या कडा सारख्या कापून सरळ जोडून टाकायच्या. साडी टिकते, पण काठावरची एखादी चौकट जाते. माणसाच्या पेशी बहुतेक वेळा हेच करतात. ‘कू’ नावाचं प्रथिन काही सेकंदांत तुटक्या टोकांवर जाऊन बसतं, दुसरी एन्झाइमं टोकं साफ करतात, आणि एक-दोन अक्षरं गळाली तरी काम भागतं. दुसरी वाट: तशाच दुसऱ्या साडीवरून नक्षी पाहून रफू करायचा. ही बिनचूक असते, पण दुसरी साडी हाताशी असेल तेव्हाच जमते, म्हणजे पेशीने विभाजनाआधी डीएनएची प्रत काढलेली असेल तेव्हा. या रफूचं मुख्य प्रथिन ‘रॅड-५१’. यातलं ‘रॅड’ रेडिएशनवरून आलं आहे. किरणांपुढे पटकन हार खाणारी यीस्टची वाणं शोधता शोधता ही जनुकं सापडली, म्हणून हे नाव.

यीस्ट म्हणजे पावाचं फुगवण एवढंच नव्हे, हे मुलीला यावरून सांगता येईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस-१ या चंद्रमोहिमेबरोबर नासाने ‘बायोसेंटिनेल’ हा लहानसा उपग्रह सोडला. त्यात यीस्टच होतं, दोन प्रकारचं: एक साधं आणि दुसरं रॅड-५१ काढून टाकलेलं. २०१९ मध्ये अंतराळ स्थानकावर यीस्टचं डीएनए मुद्दाम तोडून त्याची दुरुस्ती पाहण्यात आली. ती कल्पना अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची होती.

थोडक्यात, मेलेली पेशी ही शरीराची मोठी अडचण नसते, ती बदलता येते. दुरुस्ती झेपत नसेल तर पी-५३ नावाचं प्रथिन पेशीला थांबवतं किंवा सरळ संपवतं, आणि ते बरंच असतं. घोर लागतो तो चुकीची शिवण घेऊन जिवंत राहिलेल्या पेशीचा. पुढे कर्करोग होतो तो अशा पेशीतून. त्यामुळे ‘पेशी मरताना पाहून घाबरेल’ हा बेत दोन्हीकडून लंगडा आहे: मरणं हा खरा धोका नव्हे, आणि खरा धोका प्लेटवर दिसत नाही.

बाईंच्या मॉडेलबद्दल. मॉडेल करायला हरकत नाही, पण शिशाचा पत्रा काढून टाका. एक्स-रेच्या खोलीत शिसं चांगलं. अंतराळातला जड अणुगर्भ मात्र शिशावर आदळला की त्यातून दुय्यम कणांचा फवारा उडतो आणि आतल्या माणसाची स्थिती आणखी वाईट होऊ शकते. तिथे हायड्रोजन भरपूर असलेल्या वस्तू बऱ्या: पाणी, पॉलिथिन. थर्माकोलच्या अंतराळवीराभोवती बिसलेरीच्या बाटल्या रचल्या तर ते शिशापेक्षा शास्त्राला धरून होईल! आवळ्याचा तक्ताही नको. हायड्रॉक्सिल जिथे जन्मतो तिथून काही नॅनोमीटरच्या आत संपतो. त्याला अडवायचं तर त्याच क्षणी, डीएनएला खेटून आणि भरपूर प्रमाणात काहीतरी हजर हवं. सकाळी घेतलेला रस तिथे तसा पोचत नाही. आवळा खावा, पण तो ढाल आहे असं प्रदर्शनात लिहू नये.

आता गच्चीवरच्या प्रयोगाकडे येऊ, कारण मुलगी तिथेच हिरमुसली आहे. तिला विचारा, प्लेटांची झाकणं काढली होती का? पेट्री डिशचं पारदर्शक प्लास्टिक डोळ्याला आरपार दिसतं, पण यूव्ही-बी (यूव्ही-सीपेक्षा सौम्य अतिनील) बराचसा अडवतं आणि यूव्ही-सी पूर्ण. झाकण लावून उन्हात ठेवलेली प्लेट म्हणजे छत्री धरून भिजायला जाणं. झाकण काढलं असेल, तरी यूव्ही-सी ओझोनच्या थरातच अडतो, जमिनीपर्यंत येत नाही. इंदूरला जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावर असतो, दिवाळीनंतर तो दक्षिणेला कलतो, म्हणून यूव्ही-बीही कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाजारातल्या यीस्टची दुरुस्ती यंत्रणा धडधाकट आहे. म्हणजे ‘काही मेलं नाही’ याचे तीन अर्थ निघतात: किरण पोचलेच नाहीत, पोचले पण अपुरे पडले, किंवा पुरेसे पोचले आणि पेशींनी नुकसान भरून काढलं. एका प्लेटवरून यातला कोणता खरा, हे सांगता येत नाही. प्रयोग फसला नाही, ताई, अर्धवट राहिला.

उरलेला अर्धा भाग घरात होणार नाही, कॉलेजात होईल. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेक कॉलेजांत लॅमिनार हूड (निर्जंतुक हवेचं कामाचं कपाट) असतो आणि त्यात यूव्ही-सीची ट्यूब बसवलेली असते. इंदुरात होळकर सायन्स कॉलेज आहे, देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पानी पत्र न्या: काय करायचं, किती प्लेटा, किती दिवस. ‘मुलीला जरा लॅब दाखवा’ असं लिहू नका, त्याला कोणी हो म्हणत नाही. ‘दोन दुपारी दोन-दोन तास हूड आणि दोन दिवस इन्क्युबेटर’ असं लिहा.

प्रयोग एका वाक्यात असा: यूव्ही-सीने बिघडलेलं यीस्ट उजेडात ठेवलं तर जास्त वाचतं की अंधारात? १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांना दिसलं, की अतिनील किरणांनी अर्धमेले झालेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात पुन्हा उठतात. याचं कारण फोटोलायेज नावाचं एन्झाइम: ते निळा-जांभळा उजेड शोषतं आणि त्या ऊर्जेने चिकटलेली दोन अक्षरं सोडवतं. त्यावर आयुष्य घालवणारे अझीझ संजार यांना डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांबरोबर विभागून मिळालं. यीस्टमध्ये हे एन्झाइम आहे.

माध्यम (यीस्ट वाढायचं खाद्य): एक लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं). एका प्लेटला साधारण २० मिली लागतं, म्हणून ६०० मिलीत तीस प्लेटा होतात. प्लेटा आदल्या दिवशी ओता आणि उलट्या ठेवून वाळू द्या. वर पाण्याचे थेंब राहिले तर कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) एकमेकींत वाहून जातात आणि मोजणीचा बट्ट्याबोळ होतो.

बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं इन्स्टंट ड्राय यीस्ट १ ग्रॅम, १०० मिली निर्जंतुक कोमट पाण्यात. अर्धा तास थांबा, नीट हलवा. दर मिलीला साधारण दहा कोटी पेशी होतात. त्यातलं १ मिली ९ मिली पाण्यात, त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, असं पाच वेळा. दर वेळी पिपेट नवी. पाचव्या नळीतलं ०.१ मिली प्लेटवर पसरलं की शंभराच्या आसपास कॉलन्या येतात. जास्त वेळ किरण खाणाऱ्या प्लेटांसाठी चौथी किंवा तिसरी नळी वापरा, नाहीतर मोजायला काही उरणारच नाही.

पेशी आधी प्लेटवर पसरायच्या, मगच किरण द्यायचे. दुधाळ द्रावण दिव्याखाली धरलं, तर वरच्या पेशी खालच्यांना सावली देतात आणि आकडे खोटे येतात. ही चूक फार जण करतात.

ट्यूब पाच मिनिटं आधी लावून स्थिर होऊ द्या. पहिल्या दुपारी नुसता अंदाज घ्या: ०, १५, ३०, ६० आणि १२० सेकंद, झाकण काढून, प्रत्येकी दोन प्लेटा. झाकण काढून प्लेट आत सरकवायची, हूडचा काचेचा पडदा खाली ओढायचा आणि मगच ट्यूबचं बटण दाबायचं. हे काम प्रयोगशाळेतल्या व्यक्तीने करावं, मुलीने बाहेरून वेळ मोजावा. ट्यूब जुनी असेल तर मारा कमी होतो, म्हणून दुसऱ्याच्या वहीतले सेकंद कामाचे नाहीत, आपलेच शोधावे लागतात. दहातली एक पेशी वाचते तो वेळ निवडा आणि दुसऱ्या दुपारी त्याच वेळेच्या दहा प्लेटा करा. पाच ताबडतोब अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, पाच तासभर उजेडात. किरण न दिलेल्या चार प्लेटाही अशाच दोन अंधारात, दोन उजेडात. मग सगळ्या फॉइलमध्ये, ३० अंशांवर ४८ तास.

इथे एक बारीक मेख आहे. ‘उजेड’ म्हणजे कुठला उजेड? पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५० नॅनोमीटरपाशी असतो, म्हणजे फोटोलायेजच्या आवडीच्या पट्ट्याच्या अगदी कडेला. त्यापेक्षा जुनी फ्लोरोसंट ट्यूबलाइट बरी, आणि सगळ्यात चांगला खिडकीच्या काचेआडून येणारा दिवसाचा उजेड. काच यूव्ही-बी अडवते, निळा-जांभळा येऊ देते. पण थेट ऊन नको. बंद प्लेट तापली तर यीस्ट उष्णतेने मरतं आणि ते पाप किरणांच्या माथी मारलं जातं. अंधारातल्या प्लेटाही त्याच खिडकीत, फॉइलसकट ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं राहील. आणि किरण दिल्यापासून फॉइल गुंडाळेपर्यंत खोलीतले दिवे मंद ठेवा, नाहीतर ‘अंधारातली’ प्लेट तेवढ्यात उजेड खाऊन घेते.

उजेडातल्या आणि अंधारातल्या प्लेटांत ठळक फरक दिसला, तर तिने पेशींची दुरुस्ती स्वतः मोजली असं म्हणता येईल. गच्चीवरच्या प्लेटांवर जे दडलेलं होतं, ते हेच असू शकतं: तिथे ऊन नुकसानही करत होतं आणि दुरुस्तीला उजेडही पुरवत होतं. प्लेटा टाकताना घरगुती ब्लीचच्या दहा टक्के द्रावणात अर्धा तास बुडवून मग टाकायच्या.

परीक्षक दोन प्रश्न नक्की विचारतील. ‘हे अंतराळातले किरण आहेत का?’ उत्तर: नाहीत. म्हणून प्रकल्पाचं नाव बदला: ‘अतिनील किरणांनी बिघडलेलं डीएनए यीस्ट कसं दुरुस्त करतं’. अंतराळ तक्त्यावर राहू द्या, शीर्षकात नको. दुसरा प्रश्न, ‘मग उन्हात बसल्याने आपलंही डीएनए दुरुस्त होतं का?’ नाही. माणसासकट नाळ असलेल्या सगळ्या सस्तन प्राण्यांनी फोटोलायेज गमावलं आहे. आपण चिकटलेला तुकडा कापून काढतो, अंधारातही. हे तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर प्रदर्शन संपायच्या आत तो कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर उपचार म्हणून फिरेल.

वेळ असेल तर आणखी एक. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने, ज्याला इंदुरात अजून सगळे कॅटच म्हणतात, चोइथराम मंडीजवळ इलेक्ट्रॉन किरणांचं केंद्र उभारलं आहे. तिथे वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करतात. अशा कामाचा रूढ डोस २५ किलोग्रे. माणसाला चार-पाच ग्रे जीवघेणे ठरतात, आणि डायनोकॉकस नावाचा जिवाणू पाच हजार ग्रे खाऊनही पुन्हा उभा राहतो. शाळेमार्फत भेट मागता आली तर मागा.

आता तुमचा मनातला प्रश्न. अंतराळ स्थानकावर दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिसिव्हर्ट (किरणांचा शरीरावर होणारा परिणाम मोजायचं माप) डोस मिळतो. अठरा दिवस राहिलं तर साधारण दहा, म्हणजे पोटाच्या एका सीटी स्कॅनच्या आसपास. सहा महिन्यांत शंभराच्या आगेमागे. नासाने अंतराळवीराला सगळ्या कारकिर्दीत मिळून ६०० ची मर्यादा घातली आहे. मंगळाचा नुसता जाण्यायेण्याचा प्रवास क्युरिऑसिटी यानाच्या मोजणीवरून ६६० च्या घरात जातो, म्हणजे तो प्रश्न खरोखरच सुटलेला नाही. तुमची काळजी खोटी नाही. पण मुलीला त्यातून घाबरवून परत आणता येईल असं मला वाटत नाही. तिने ‘६६० कसे कमी करता येतील’ असं विचारलं, तर तुम्ही काय करणार? तसं विचारणाऱ्यांना जैवतंत्रज्ञानात, वैद्यकीय भौतिकशास्त्रात, कर्करोगाच्या किरणोपचारात जमिनीवरही भरपूर काम आहे. अंतराळवीर होणं न होणं फार लांब आहे, ती आत्ता अकरावीत आहे.

दाढेचं मात्र लांबवू नका. दाताच्या एका लहान एक्स-रेचा डोस सुमारे ०.००५ मिलिसिव्हर्ट असतो. जमिनीतून, हवेतून, अन्नातून आणि आकाशातून आपल्याला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिळतात, म्हणजे रोज सुमारे ०.००६५. हा भागाकार तिलाच वहीत करायला सांगा आणि तो झाला की दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घ्या. दाढ ठणकायला लागली की दोन दुपारी उभं राहून पिपेट धरणं काही जमायचं नाही.